सेनापतीचा रंग

अमरावतीच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचं म्हणून इंग्रजीच्या सरांनी आम्हा पोरांना एका रिकाम्या वर्गात बोलावलं आणि टेबलाच्या कडेवर बसून गोष्ट सांगितली.

गोष्ट परदेशातली, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका शोकांतिकेची. सरांनी तिचं मराठी स्वतः केलं होतं. समुद्राकाठचं एक श्रीमंत शहर. त्या शहराच्या फौजेचा सेनापती दुसऱ्या मुलखातून आलेला, रंगानं काळा. शहराची राखण तो करतो, म्हणून मोठमोठे लोक त्याला घरी जेवायला बोलावतात, लढायांच्या कहाण्या सांगायला लावतात. अशाच एका घरातली गोरी, खानदानी मुलगी त्या कहाण्या ऐकता ऐकता त्याच्यावर जीव लावून बसते आणि बापाला न सांगता त्याच्याशी लग्न करते. मग शहरात बोंब उठते. सेनापतीच्या हाताखालचा एक जण बढती हुकल्याचा डूख धरून त्याच्या कानाशी लागतो, तुझी बायको दुसऱ्याची झाली म्हणतो, पुरावा म्हणून एका हरवलेल्या रुमालाची गोष्ट रचतो. सेनापतीला ते खरं वाटतं. तो बायकोला उशीनं गुदमरवून मारतो आणि खरं कळल्यावर स्वतःलाही संपवतो.

गोष्ट संपली. सरांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबवली. "सेनापती तू."

मला आनंद झाला, हे आधी सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी वक्तृत्वात मला बक्षीस मिळालं होतं. अकोल्याला आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये जयंतीच्या सभेत मी भाषणं करायचो आणि तिथं लाउडस्पीकर बिघडला तरी माझं काही अडायचं नाही. आवाज होता, त्यामुळे निवड झाली, असं मी धरून चाललो. वर्गातून जिना उतरताना मागून कोणीतरी म्हणालं, "सरांनी बरोब्बर माणूस निवडला बाप्पा." दोघं-तिघं हसले. मी मागं वळून पाहिलं नाही. पण ते वाक्य माझ्या मागंमागं होस्टेलपर्यंत आलं आणि मग गेलंच नाही.

बरोबर माणूस म्हणजे कसा? मी काही फार काळा नव्हतो. आमच्या घरात गव्हाळ रंग होता, आईचा तर उजळच. आता माझं आडनाव म्हणाल, तर ते ऐकल्यावर अमरावतीत कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे, कारण विचारायची गरज उरत नसे. छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं उचलले, धर्म बदलला. आडनाव तेच राहिलं. हजेरी घेताना एखादे प्राध्यापक ते उच्चारून क्षणभर वर पाहायचे. काही म्हणायचे नाहीत, नुसतं पाहायचे. मला त्याची सवय झाली होती, असं मला वाटत होतं.

कानाशी लागणाऱ्या त्या कपटी माणसाचं काम माझ्या मित्राला मिळालं. तो वरूडकडचा, संत्र्याच्या बागा असलेल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. रंगानं तो तव्यासारखा काळा होता आणि दात पांढरेशुभ्र, त्यामुळे हसला की अंधाऱ्या खोलीत दिवा लागल्यासारखं वाटे. त्याला कधी कोणी काळा म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्याला सगळे पाटील म्हणत.

तालमी सुरू झाल्या आणि पहिली कटकट भाषेवरून झाली. सर पुण्याचे. आमच्या तोंडून 'मले' निघालं की ते डोळे मिटायचे. सगळ्यांची भाषा ते घासूनपुसून घेत होते. माझ्या वेळी मात्र एक दिवस म्हणाले, "तू तुझ्या इकडच्या बोलीत बोललास तरी हरकत नाही. उलट शोभेल. तो परका आहे ना."

सरांनी ते चांगल्या मनानं सुचवलं होतं. त्यांना ती कल्पना फार आवडली होती. मी म्हणालो, "नाही सर, मी शुद्धच बोलतो."

तालीम संपल्यावर पाटील आणि मी राजापेठेतून चहाच्या टपरीकडं निघालो, तर तो एकटाच हसत सुटला.

"काय झालं बे?"

"अबे, इचार कर न. पुन्याचा मानूस अमरावतीत येऊन राह्यला, अन वऱ्हाडी बोलनाऱ्याले म्हनते तू परका. अन मी? मी बी तं वऱ्हाडीच बोलतो. पन मले म्हनते सुद्द बोल, तू या शयरातला आहे."

मीही हसलो. पण चहा पिताना माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. पाटलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला.

नायिकेचं काम करणारी मुलगी अमरावतीच्याच एका वकिलाची. गोरी, उंच, बोलायला स्पष्ट. त्या काळात मुलं-मुली एकमेकांना अहो-जाहो करायची. आमचं बोलणं नाटकापलीकडं कधी गेलं नाही. पण नाटकावर ती सरांशी भांडायची. "सर, ही इतकी गप्प का मरते? हिनं बापासमोर भर दरबारात तोंड उघडलं होतं ना?" सर म्हणायचे, प्रेमामुळे. तिला ते पटायचं नाही. मग माझ्याकडं वळून विचारायची, "आणि तुम्ही तिला एकदाही सरळ विचारत नाही. का?" जणू मीच तो. घरी आईशी, होस्टेलात पाटलाशी, मी कुणाशीही हवं ते बोलू शकत होतो. या मुलीच्या समोर मात्र मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळत नसे.

संमेलन जवळ आलं तसं एका दुपारी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर पांढऱ्या हातमोज्यांची एक जोडी होती.

"सेनाधिकारी आहे," सर म्हणाले. "हातमोजे शोभतील."

"हो सर."

"आणि शेवटचा प्रवेश आपण थोडा बदलू. ती पलंगावर, तू पलंगाकडं जातोस, आणि जाळीचा पडदा ओढला जातो. सावली दिसेल फक्त. जास्त परिणामकारक होईल."

मी हो म्हणालो. सर खिडकीबाहेर बघायला लागले. ते वाईट माणूस नव्हते. खोटं बोलताना त्यांच्या मानेवर लाली चढायची. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "तिच्या वडिलांची अट आहे. स्पर्श नको म्हणतात. मुलीचे वडील आहेत, समजून घे."

मी समजून घेतलं. मुलीचे वडील आहेत, परक्या मुलाचा हात लागू नये, ठीक आहे. जिना उतरेपर्यंत हे पटलंही होतं. खाली आल्यावर लक्षात आलं की याच नाटकात पाटलाची बायको झालेली मुलगी आहे. तिच्या हातून तो रुमाल हिसकावून घेतो, तिला दंडाला धरून ढकलतो, तालमीत रोज. त्याला कोणी हातमोजे दिले नव्हते.

नंतरचे काही दिवस माझे फार वाईट गेले. जेवायला बसलो तर भाकरी तोंडात फिरायची. पुस्तक उघडलं की एका पानावर तास जायचा. मला एकच गोष्ट कुरतडत होती: वकिलांना माझ्याबद्दल सांगितलं कुणी? त्यांची-माझी भेट नाही, ओळख नाही. पाटलाच्या घरचे जमिनीचे खटले अमरावतीला चालतात, हे मला ठाऊक होतं. कोणत्या वकिलाकडं, ते ठाऊक नव्हतं. मग मला त्याचं हसणं आठवायला लागलं. तो माझ्या खोलीत येताना दार कसं ढकलतो, माझ्या ग्लासातनं पाणी पितो ते मुद्दाम चारचौघांत पितो का, असलं काहीबाही. तालमीत तो माझ्या कानाशी येऊन सरांची वाक्यं बोलायचा आणि माझी मान आपोआप आखडायची. सर म्हणायचे, "वा! हेच हवंय."

रविवारी मी एकटाच गावाबाहेर तळ्यापर्यंत चालत गेलो आणि उन्हातून तसाच परत आलो. परत आलो तो थेट त्या टपरीवर. पाटील बाकावर बसून पेपर वाचत होता.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "माही जात त्या वकिलाले तू सांगतली का?"

त्यानं पेपर खाली ठेवला. त्याचा चेहरा इतका उतरला की विचारलं ते चुकलं असं वाटलं. मग तो चिडला.

"मी? मी काहून सांगीन बे?"

"तुमचे खटले आहेत न इथं."

"आमचा वकील तो हनुमान आखाड्यातला पयलवान, त्याले पोरगीच नाई! चार पोट्टे आहेत त्याले." तो ओरडलाच. टपरीवाला बघायला लागला. मग पाटलानं आवाज खाली आणला. "विचारलं हे बरं केलं तू. मनात ठेवलं असतं तं सडलं असतं." आणि जरा थांबून, "पन तुले माह्यावर शक आला. मानलं तुले."

ते 'मानलं तुले' त्यानं कसं म्हटलं, कौतुकानं की दुःखानं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी तालमीत हातमोजे घालून उभा राहिलो तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "हे काय?"

सर म्हणाले, "पोशाख."

ती माझ्याकडं बघत राहिली. सर दिवे बघायला गेले तशी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी जेवताना विचारलं होतं, सेनापती कोण झालाय. मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण नाव. लपवण्यासारखं काय होतं त्यात?" मग तिचा आवाज कोरडा झाला. "अट घातल्याचं मला कोणी सांगितलं नाही."

मी म्हणालो, "जाऊ द्या."

"जाऊ द्या काय?" असं म्हणून ती तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

संमेलनाच्या दिवशी रंगभूषा करायला अकोल्याहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी टेबलावर डबे मांडले, दोन खुर्च्या ठेवल्या. एका खुर्चीपाशी काजळी आणि खोबरेल कालवलेली वाटी, दुसरीपाशी गुलाबी-पांढरी पूड. मी आणि पाटील एकदमच आत गेलो. म्हाताऱ्यांनी चष्म्यातून दोघांकडं पाहिलं, पाटलाचा हात धरला, त्याला काजळीच्या खुर्चीत बसवलं आणि बोटं वाटीत बुडवली.

"तो नाही, तो नाही," सर दारातून ओरडले. "सेनापती हा."

म्हाताऱ्यांनी पुन्हा एकदा दोघांना न्याहाळलं. "बरं," ते म्हणाले आणि आम्हाला खुर्च्या बदलायला लावल्या. माझं कपाळ, गाल, मान, कानाच्या पाळ्या ते काळ्या करत गेले. मग शेजारी पाटलावर पुडीचे थर चढले. आरशात आम्ही दोघं शेजारी दिसत होतो. शेवटी पाटीलच म्हणाला, "पाय बे, मी गोरा झालो. माह्या मायनं पायलं तं वळखनार नाई मले." म्हातारे हसले, सरही हसले. मी हसलो असतो तर तोंडावरची काजळी फिसकटली असती, म्हणून मी गप्प बसलो. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

प्रयोग उत्तम झाला. टाळ्या झाल्या, प्राचार्यांनी पाठ थोपटली, जाळीच्या पडद्याचंही कौतुक झालं. अकोल्याला कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेत हेच नाटक न्यायचं ठरलं. काजळी मात्र निघता निघेना. तेल लावलं, साबण लावला, राखेनं घासलं. कितीतरी दिवस केसांच्या कडेला आणि कानामागं काळी रेघ राहिली. वर्गात मागं बसलेल्यांना ती दिसत असणार, या विचारानं मी मान खाली घालून बसायचो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी पुढं निघून घरी गेलो. माझे वडील अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आईनं जेवायला वाढताना माझं कानशील धरलं आणि पदराच्या टोकानं घासायला लागली.

"हे काय माखून आला रे?"

मग मी सगळं सांगितलं. गोष्ट सांगितली, काजळी सांगितली. हातमोज्यांचं गाळणार होतो, पण वडिलांसमोर काही गाळायची मला सवय नव्हती.

वडिलांनी विचारलं, "तो दुसरा पोरगा, तो केवढा काळा आहे?"

"माह्याऊन लय काळा."

"अन त्याले पांढरं केलं."

"हो."

वडील मोठ्यानं हसले. आईही हसली. मग वडिलांचं हसणं मधेच थांबलं. त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, महायुद्धात फौजेत होते आणि छातीवर बिल्ले लावून गावी परतले होते. वडील म्हणाले, "तुह्या काकाचे बिल्ले पाहाले सारं गाव आपल्या वस्तीपावतर आलं होतं. 'साह्यबाच्या लढाईचं सांग' म्हनत. दोन रोज सांगतलं त्यानं. तिसऱ्या रोजी हिरीवर गेला तं म्हने दूर राय." ते ताटातली भाकरी मोडत राहिले. "तुह्या त्या सेनापतीचंबी तेच झालं. लढाले होता तवा त्याचा रंग कोनाले दिसला नाई. पोरगी केली तवा दिसला."

सर चार महिने शिकवत होते, त्यातलं खूप काही मला समजलं होतं. हे एवढं सोपं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही नाटकाले येता का?"

"येतो न. साऱ्यायले घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या मागच्या खोलीत तेच म्हातारे, तेच डबे, त्याच दोन खुर्च्या. मी बसलो नाही. सरांना म्हणालो, "मी रंग नाही लावणार."

"म्हणजे?"

"असाच जातो."

"अरे, मग तो काळा आहे हे कळणार कसं?"

"सगळे म्हणतात ना सर तसं. म्हटल्यावर कळतं."

सर माझ्याकडं पाहत राहिले. त्यांच्या मानेवर पुन्हा ती लाली चढली. "परीक्षक गुण कापतील," ते म्हणाले, आणि मग कोणी विचारलं नसताना, "हे बघ, मी तुला आवाजासाठी घेतलं होतं. फक्त आवाजासाठी."

ते खरं असेल. मला तेव्हा ते खरं-खोटं करायचं नव्हतं. तेवढ्यात पाटील पुडीच्या खुर्चीतून उठला आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागला. "मंग मलेबी नको सर. मी काई त्याच्यापरीस गोरा नाई."

म्हाताऱ्यांनी एकेक करून डब्यांची झाकणं लावली.

पडदा वर गेला. पहिल्याच प्रवेशात पाटील मुलीच्या बापाच्या घराखाली उभा राहून ओरडतो, तुझी मुलगी त्या काळ्यानं नेली. तव्यासारख्या रंगाचा पाटील हे ओरडला आणि पाठोपाठ गव्हाळ रंगाचा मी आत आलो. थिएटर हसलं. खो-खो हसलं. विंगेत सरांनी डोक्याला हात लावल्याचं मला दिसलं. समोर पहिल्या रांगेत वकीलसाहेब बसले होते, मुलीसोबत ते आले होते. अगदी मागं, भिंतीला लागून, आमच्या वस्तीतली माणसं होती. तिकडून हसण्याचा आवाज आला नाही.

पाटील थांबला नाही. तो तेच पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, गोड आवाजात, आणि माझ्याकडं बोट करून. हसणं कमी झालं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कोणी हसलं नाही. लोक एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होते. त्यानंतर नाटक कसं चाललं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच की मला एका जागी उभं राहवत नव्हतं; सरांनी आखून दिलेल्या जागा सोडून मी सगळ्या रंगमंचावर फिरत होतो आणि पाटील बिचारा कानाशी लागायला माझ्या मागं मागं धावत होता.

शेवटचा प्रवेश. ती पलंगावर. मी जवळ गेलो, जाळीचा पडदा ओढायला हात वर केला. इथं तिनं तोंड फिरवून घ्यायचं होतं. ती उठून बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते, त्या मधल्या उघड्या जागेवर. घट्ट धरलं. आणि तिचं वाक्य बोलली, मला आजचा दिवस जगू दे, अशा अर्थाचं.

मी पुढचं विसरलो. किती वेळ गेला कोण जाणे. विंगेतून सर कुजबुजत वाक्य सांगत होते, ते ऐकू येत होतं पण अर्थ लागत नव्हता. शेवटी तिनंच पडदा ओढला आणि पडद्याआड, सावलीत, स्वतःच उशी माझ्या हातात दिली. "पुढं करा," ती म्हणाली, नाटकाबाहेरच्या आवाजात. "लोक वाट बघताहेत."

पडदा पडल्यावर मागच्या खोलीत गर्दी झाली. वकीलसाहेब आले, सरांना म्हणाले, "आपलं ठरलं होतं." आवाज चढवला नव्हता. सर काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाबा, हात मी धरला. ती मरत होती."

तेवढ्यात माझी आई गर्दीतून वाट काढत आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच असलं नाटक पाहिलं होतं. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. सरळ त्या मुलीपाशी गेली, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, गळा चाचपला आणि म्हणाली, "लागलं तं नाई न बाई तुले?"

"नाही हो आई," ती हसून म्हणाली.

"दीडशाना आहे हा," आई माझ्याकडं मान झटकत म्हणाली. "बायकोले एक डाव विचाराले तोंड नोतं का? परक्याचं आयकलं!"

खोलीत सगळे हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते आईच्या हातांकडं बघत होते, ते हात अजून त्यांच्या मुलीच्या गालांवर होते. मग त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय." तिनं आईला वाकून नमस्कार केला आणि गेली.

अभिनयाचं बक्षीस पाटलाला मिळालं. परीक्षकांनी भाषणात माझ्याबद्दल एक वाक्य सांगितलं: आवाज चांगला आहे, पण नायक काळा वाटला नाही. मागच्या भिंतीकडून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कोनाले?" पुन्हा हशा. माझे वडील होते की दुसरं कोणी, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

ती मुलगी बी.ए. झाली, पण पुन्हा स्टेजवर दिसली नाही. कॉरिडॉरमध्ये भेटली की थांबून बोलायची, अभ्यासाचं, आईचं विचारायची. पुढं तिचं लग्न नागपूरला झालं, ती शाळेत शिकवते, असं कानावर आलं.

पाटील मला वरूडला चल, चल म्हणायचा. संत्र्याला बहर आला की म्हणायचा, तोडा सुरू झाला की म्हणायचा. मी दर वेळी परीक्षेचं, घरचं काहीतरी कारण काढायचो. त्याच्या घरी मला कुठं बसवतील, हा प्रश्न होताच. पण मला खरी धास्ती त्याच्या चेहऱ्याची होती. त्या क्षणी त्याचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नव्हतं. कॉलेज संपलं, मला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं. मग एकदा त्याचे वडील वारल्याचं कळलं आणि मी बायकोला घेऊन गेलो.

तेरवी होऊन गेली होती. पाटलानं मला मिठी मारली आणि आतल्या खोलीत नेलं. त्याच्या आईनं आम्हा नवरा-बायकोला, पाटलाला आणि त्याच्या धाकट्या भावाला एका ओळीत पाट मांडले, स्वतः वाढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती पुन्हा पुन्हा आग्रह करत होती. मी जेवत होतो आणि मनात एकच चाललं होतं: आमची ताटं आता कोण उचलणार? मी उचलायची का? मी उचलली तर तो अपमान होईल का, नाही उचलली तर? मी ताटाला हात घातला तशी ती म्हणाली, "राहू द्या बापू, मी उचलतो न." चारही ताटं तिनं एकावर एक ठेवली आणि घेऊन गेली. मोरीत ती एकत्रच घासली का, हे ऐकायला मी कान लावून बसलो होतो. पाटील समोर बसून बापाच्या शेवटच्या आजाराबद्दल बोलत होता.

परतीच्या एस.टी.त बायको म्हणाली, "वांग्याची भाजी किती छान होती, नाही?"

मी हो म्हणालो. मला भाजी आठवत नव्हती.